शाई सांडलेला पक्षी

पौषातली सकाळ. तळमजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. पुढे खिडकीचे गज, गजांपलीकडे शेवगा आणि शेवग्याच्या फुलांत काहीतरी पिवळं-काळं. मोबाइलने फोकस धरला होता गजांवर. त्यामुळे गजांवरचा गंज अगदी लख्ख आणि पक्षी धुक्यात. खाली एकच ओळ : ‘हा कोण? अंगावर शाई सांडल्यासारखा दिसतोय.’

लगेच चार अंगठे आले, दोन पुष्पगुच्छ आले, आणि ‘छान टिपलंय काकू!’ असंही आलं. ते शेवटचं माझंच होतं. खरं तर काकूंनी कौतुक मागितलंच नव्हतं, प्रश्न विचारला होता. हौसेने काढलेला झाडा-पाखरांचा फोटो बहुतेक वेळा असाच असतो. ‘अहो, इकडे या, हे बघा काय आहे,’ एवढंच त्याचं म्हणणं असतं. आपण ‘छान’ म्हणतो आणि दार लावून घेतो.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, ‘चोच सरळ की वाकडी? गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ आहे का?’ काकू म्हणाल्या, ‘बघून सांगते.’ त्या बघून सांगायला त्यांना तीन दिवस लागले. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता शेवग्याकडे लक्ष. चौथ्या दिवशी उत्तर आलं : चोच विळ्यासारखी. रेघ आहे, पण आता नुसती रेघ नाही, डाग वाढलेत.

जांभळा शिंजीर. नर. विणीचा हंगाम संपला की हा आपली झगमगती पिसं उतरवून जवळजवळ मादीसारखा पिवळट होतो. छातीवरून उतरणारी ती गडद रेघ तेवढी ओळखीची खूण म्हणून राहते. पुढचा हंगाम जवळ आला, की पुन्हा गडद पिसं फुटू लागतात, तीही सगळी एकदम नाहीत, ठिकठिकाणी. काकूंना दिसला तो हा मधला, कपडे बदलताना सापडलेला. पुस्तकात एका पानावर पूर्ण जांभळा नर असतो, शेजारी मादी असते. हा मधला गबाळा अवतार छापायला सहसा कुणी जागा देत नाही. काकूंच्या फोटोत तो होता.

‘पण जांभळा कुठंय? मला तर काळाच दिसतोय,’ काकूंची पुढची शंका. रास्त होती. त्या जांभळ्यात जांभळा रंग असा नसतोच. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर ऊन पडून परततं, तेव्हा तो चमकतो. ऊन नसेल किंवा आपण भलत्या बाजूला उभे असू, तर पक्षी कोळशासारखा. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य पक्ष्याच्या पाठीमागे. कॅमेरा कितीही महागाचा आणला असता तरी त्या खिडकीतून, त्या वेळी, तो काळाच दिसला असता.

पोस्टमास्तरांनी काकूंना आणखी एक सवय लावून दिली. फोटोखाली तारीख, वेळ, ठिकाण लिहायचं. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्याच्या पोटातली ही माहितीही गळून पडते. ‘शिक्का नसलेलं पत्र ते,’ ते म्हणाले. पस्तीस वर्षं शिक्के मारलेला माणूस, त्याला टोचणारच. पण ही नुसती खोड नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर 2023 साली जो मोठा अहवाल आला, त्यात 942 जातींचा विचार केला होता आणि त्यामागे होत्या सुमारे 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींच्या घरातल्या नोंदी. त्यातली कितीतरी माणसं अशीच, खिडकीशी उभी राहणारी. सुंदर पण तारखेविना असलेला फोटो तिथे कुणाच्या उपयोगाचा नाही.

काकूंसारखाच ‘हा कोण?’ असा प्रश्न पडून फार पूर्वी मुंबईत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा मेलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला होता. गळ्यावर पिवळा ठिपका, म्हणून घरचे चक्रावलेले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्या पक्ष्याचं नाव सांगितलं आणि संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी मुलासमोर काढून ठेवले. तो मुलगा म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अली; त्यांचं पुढचं आपल्याला ठाऊक आहे. मला त्या गोष्टीत कुतूहल वाटतं ते मिलार्डांचं. कामाच्या वेळी आलेल्या पोराला ‘वा, शाब्बास’ म्हणून वाटेला लावणं किती सोपं होतं!

‘छान’ म्हणण्याऐवजी विचारावं, हे मला सुचायला उशीर झाला, कारण मला ‘छान’ची चटक होती. चार वर्षांपूर्वी परसातल्या वांग्याच्या रोपावर शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून, कोळ्याचं जाळं आणि कापूस ओवून शिवलेला खिसा. बाहेरून काही दिसत नव्हतं; दिसू नये म्हणूनच तर तो शिवलेला. मी आडवं येणारं एक पान दोऱ्याने बाजूला बांधलं आणि आत उघडलेल्या तीन चोची टिपल्या. आयुष्यात सगळ्यात जास्त वाहवा त्या फोटोला मिळाली. कुणी फ्रेम करून मागितला. तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं. आमच्याकडे भारद्वाज फिरतो, आणि घरटी धुंडाळणं हा त्याचा धंदाच. पान बांधलं नसतं तरी त्याला पिल्लं सापडली असती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. दोरा मात्र मीच सोडला होता, त्या दिवशी, नंतर. एवढ्या वाहवेत एकानेही विचारलं नव्हतं की बुवा, हे एवढं स्वच्छ दिसलं कसं?

आता माघ लागलाय. आज सकाळी काकूंचा फोटो आला तो गच्चीतून. खिडकी सोडून, जिना चढून, ऊन पाठीवर घेऊन काढलेला. गज नाहीत. शेवग्याची फांदी सुईसारखी रेखीव. पक्षी नाही. खाली लिहिलं होतं : ‘वेळ 7.40. गच्ची. आत्ता इथंच होता, अगदी जांभळा!’

मी फोटो मोठा करून पाहिला. फुलांचा एक घोस किंचित हललेला होता, तेवढाच काय तो पुसट. मी विचारलं, ‘कुठल्या बाजूला उडाला?’