पंचवीस लाख की पंचेचाळीस?

पुण्यात खडकीला होळकर पुलाजवळच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. सगळे दगड एकाच मापाचे. हुद्दा, वंश, धर्म पाहून भेद करायचा नाही, हा १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचा दंडक. खडकीत दगडांपुरता तरी तो पाळलेला दिसतो. मागे राहिलेल्या घराला काय द्यायचे, याचे माप मात्र आपल्याकडे अजून एक झालेले नाही.

ही देणी आपल्याला नवीन नाहीत. अफजलखानाच्या प्रसंगात जे कामी आले त्यांच्या मुलांना शिवाजी महाराजांनी चाकरीत घेतले आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले, असे सभासद बखर सांगते. आजची अनुकंपा नोकरी आणि कुटुंब निवृत्तिवेतन, दोन्हींचे बीज त्यात आहे. पुढे याच रिवाजातून बालपरवेशी, म्हणजे पडलेल्याच्या मुलांच्या पालनपोषणाची नेमणूक, चालत राहिली. पण हे सारे धन्याच्या हातचे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांचे सरदार मोरदीक्षित मराठे पडले आणि वर्ष फिरायच्या आत देणारी पेशवाईच संपली. जे मर्जीने मिळते, ते मर्जी करणाऱ्याबरोबर जाते.

इंग्रजांनी १८६९ साली खडकीत दारूगोळा कारखाना उभारला. स्फोटकांशी रोज गाठ असलेला, पण सैनिक नसलेला कामगारवर्ग इथे वाढला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एक मोठी गोष्ट केली: मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही, मृत्यू कामामुळे आणि कामावर असताना आला, एवढे पुरे. मेहेरबानीची जागा हिशेबाने घेतली. हिशेब मात्र पगारावर, म्हणजे ज्याची मजुरी कमी त्याच्या मरणाची भरपाईही कमी.

तिसरे वळण १९८२ चे. नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हे दान नसून हक्क असल्याचे ठासून सांगितले. त्याच न्यायालयाने १९९४ मध्ये अनुकंपा नोकरी हा हक्क नव्हे, असेही बजावले. त्यामुळे विधवेची फाइल आजही दोन टेबलांवर फिरते: एकीकडे ती हक्कदार, दुसरीकडे अर्जदार. सेवापुस्तक, शवविच्छेदन अहवाल, वारस दाखला सगळे जोडले तरी घोडे अडते ते ‘ड्यूटीवर होता का’ या प्रश्नावर.

१ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी सानुग्रह रकमेचे जे कोष्टक लागू आहे, त्यात कर्तव्यावरच्या अपघातात मृत्यू आला तर २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ आणि युद्धात शत्रूच्या हातून आला तर ४५ लाख. त्याच वर्षी ३१ मे रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. मृतांत दोन लष्करी अधिकारी होते आणि बहुतेक जण भांडाराच्या अग्निशमन दलातले. आग विझवायला धावलेल्याचे मरण या कोष्टकात अपघात ठरते, कारण आगीला शत्रू म्हणत नाहीत. २०१५ साली काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. महापालिकेच्या अशा माणसांना तर हे कोष्टकही लागू नाही. तिथे पालिकेचा ठराव आणि सरकारची घोषणा.

युद्ध वेगळे, तिथे समोरचा मारायलाच आलेला असतो, हा युक्तिवाद खोटा नाही. तो पराक्रमाच्या मोजमापाला लागू पडतो आणि त्यासाठी पदके आहेतच. शाळेची फी, घरभाडे, म्हाताऱ्या सासूची औषधे ही देणी नवरा गोळीने गेला की धुराने, हे विचारत नाहीत. धोका ठाऊक असून हुकमावरून आत शिरला, एवढा एकच निकष धरावा आणि किमान रक्कम सगळ्या गणवेशांना सारखी असावी. ती कायद्यात लिहिलेली असावी, म्हणजे अंत्ययात्रेत मंत्र्याच्या तोंडून ती कळायची वेळ कुणावर येणार नाही.