मुका पाहुणा

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेने करतो. माणसांच्या आधी गाय-वासराला ओवाळण्याची ही रीत मोठी सुंदर आहे. पण त्याच दिवाळीत मंडळी गावाला निघतात, दाराला कुलूप लागते आणि ओसरीवरच्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या सावद्यासारख्या गावी शेजाऱ्याला हाक मारली की भागते. मुंबई-पुण्याकडे मात्र कुत्र्यामांजरांना सांभाळणारी पाळणाघरे निघाली आहेत. अशी जागा चांगली केव्हा म्हणावी?

परके जनावर ठेवण्याच्या दोन जागा आपल्या जुन्या ओळखीच्या. एक कोंडवाडा. १८७१ च्या कायद्याने त्याला रूप दिले. पिकात शिरलेले गुरू तेथे अडकवायचे आणि मालकाने दंड भरून सोडवायचे. दुसरी पांजरपोळ. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी मंडळी खवळून उठली, दंगा झाला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. एकीच्या मुळाशी कायदा, दुसरीच्या मुळाशी दया. पाळणाघरातले कुत्रे मात्र अपराधीही नाही आणि अनाथही नाही. ते पाहुणे आहे. त्याला हवा पाहुणचार.

पाहुणचार म्हणजे पाहुण्याच्या सोयीने घर लावणे. आपल्याला गुळगुळीत फरशी आवडते. कुत्र्याचे पाय तिच्यावर घसरतात. आपल्याला फिनेलचा वास स्वच्छ वाटतो. त्याच्या तीक्ष्ण नाकाला तो जाच होतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग निववते. खानदेशच्या वैशाखात पत्र्याचे छप्पर म्हणजे त्याला भट्टीच. तेथे जाड मातीचे धाबे आणि कडुनिंबाची सावली हवी. मांजराला उंच फळी आणि लपायला खोका हवा. शाळेत पहिल्या दिवशी आलेले पोर आईचा रुमाल मुठीत धरून बसते, तसे या जिवालाही घरच्या वासाचे एखादे जुने कांबळे जवळ लागते.

१९६५ साली इंग्लंडात ब्रॅम्बेल समितीने सांगितले की, पाळीव जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. ही झाली किमान माणुसकी. मी त्यात आणखी एक गोष्ट घालीन : दूर जाऊन बसण्याची मुभा. ज्या कोपऱ्यात कोणी खेळायला ओढीत नाही, कोणी कुरवाळीत नाही, असा एक कोपरा. ज्याला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही, तो पाहुणा नव्हे, बंदी आहे.

खरी अडचण येथेच आहे. पैसे देतो मालक, राहते कुत्रे. मालकाला रंगीत भिंती आणि बागडणाऱ्या कुत्र्याचे छायाचित्र हवे असते. कोपऱ्यात निवांत झोपलेल्या कुत्र्याचे छायाचित्र पाहून तो हिरमुसतो. मग चालवणारा गिऱ्हाइकाला राजी ठेवतो आणि पाहुणा बाजूला राहतो. तक्रार करू शकणाऱ्याशी आपण नीट वागतो, त्यात नीती किती आणि भीती किती, कोण जाणे! ज्याची तक्रार कधी येणारच नाही, त्याच्यासाठी केलेल्या सोयीतच नीतीची कसोटी लागते.

तरीही मुका पाहुणा अगदीच मुका नसतो. दुसऱ्या खेपेला त्याला त्याच दाराशी न्यावे आणि साखळी सैल सोडावी. ते आत ओढ घेते की पाय रोवून उभे राहते, एवढे पाहावे. आणि पाय रोवले, तर गाडीची वेळ झाली असली तरी क्षणभर थांबावे.