नसण्याचा पुरावा

दोनचा 127 वा घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. येते ती 39 अंकी संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला निःशेष भागणारं काहीच नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी 1876 साली हे सिद्ध केलं आणि पुढची पाऊणशे वर्षं हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली.

विभाजक शोधत बसले असते, तर दर सेकंदाला एक भागाकार करूनही विश्वाचं वय अपुरं पडलं असतं. ल्युकांनी ते शोधलेच नाहीत. त्यांनी संख्येलाच एक कसोटी लावली. पुढे गणिती लेहमर यांनी ती आणखी सुटसुटीत केली. 4 पासून सुरुवात करा. वर्ग करून 2 वजा करा, तपासायच्या संख्येने भागा, बाकी तेवढी ठेवा, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य उरली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. दोनच्या पाचव्या घातातून एक वजा केला की 31. आता 4 वरून 14. 14 वरून 194, बाकी 8. 8 वरून 62, बाकी शून्य. तीन पायऱ्यांत निकाल! घातांक 127 असेल तर पायऱ्या 125. 2024 साली सापडलेल्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांच्या मूळ संख्येवरही अखेरची मोहोर याच कसोटीने उमटवली.

घातांक 67 ची गोष्ट उलटी. 1644 साली फ्रेंच विद्वान मेर्सेन यांनी ती संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. ती मूळ नाही, हे ल्युकांनी 1876 मध्येच दाखवलं. पण तिचा एकही विभाजक त्यांच्या हाती नव्हता. ते दोन विभाजक अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले 1903 साली. म्हणजे सत्तावीस वर्षं जगाला एवढंच पक्कं ठाऊक होतं, की विभाजक आहेत. कोणते, ते नाही.

पुष्कळ शोधलं, थकलो, हाती काही लागलं नाही, यावरून ती गोष्ट नाहीच असं ठरत नाही. ते फक्त आपल्या दमाचं माप असतं. ‘नाहीच’ म्हणायला वेगळा पुरावा लागतो, आणि तो शोधाच्या लांबीतून नव्हे, तर त्या गोष्टीच्या घडणीतून येतो. रोजच्या जगण्यात अशी कसोटी क्वचितच हाताशी असते. तरीही एखाद्यात गुण नाहीच, या अडचणीतून वाट नाहीच, असं आपण सहज बोलून जातो. कसोटी नसेल तिथे ‘मला अजून सापडलं नाही’ एवढंच म्हणावं. त्यात कमीपणा नाही, आणि पुढच्या माणसाला शोधायला वाव राहतो.