काळ्या थराचं मनन

पाठ ताठ ठेवा, अंग सैल सोडा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या. आज आपण एका दगडापाशी बसणार आहोत.

नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून, सातपुड्याच्या पायथ्याशी, मँगनीजचा एक पट्टा कमान घेत जातो. त्याची लांबी सुमारे 200 किलोमीटर. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी ही त्यावरची ठिकाणं. या मुलखातली एखादी लहानशी टेकडी मनात आणा. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू. उतारावर पाचोळा. पाचोळ्यातून वर आलेला एक काळा धोंडा. त्याचा मुठीत मावेल एवढा तुकडा मनानेच उचला.

आधी त्याचं वजन जाणवू द्या. तेवढ्याच गारगोटीपेक्षा तो जवळजवळ पावणेदोन पट जड आहे. मग त्यावरून बोट फिरवा. बोटाला काजळीसारखा काळा डाग लागेल. तो पुसू नका. काही श्वास एवढंच राहू द्या: हातातलं जडपण आणि बोटावरचा डाग.

आता टेकडी बाजूला सारा, जंगलही सारा. शंभर कोटी वर्षांहूनही मागे चला. जमिनीवर एकही झाड उगवलेलं नाही. समोर समुद्र आहे. त्याच्या पाण्यात मँगनीज आहे, पण दिसत नाही, कारण ते विरघळलेलं आहे. जिथे प्राणवायू नाही तिथे ते असंच विरघळून राहतं. ते पाणी प्राणवायू असलेल्या उथळ भागात येतं आणि मँगनीजचं रूप पालटतं. त्याचे न विरघळणारे काळे कण बनतात आणि तळाशी बसू लागतात. कधी नुसते काळे कण, कधी त्यांच्यात मिसळलेली वाळू आणि चिखल. हे बसणं पाहा. घाई करू नका, कारण तिथेही घाई नव्हती.

मग हा तळ गाडला गेला. त्यावर थरांवर थर चढले. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी मध्य भारतात भूखंडांचे तुकडे एकमेकांवर रेटले गेले आणि हे सगळे थर खोलवरच्या उष्णतेत, दाबाखाली सापडले. चिखलाचा अभ्रकी खडक झाला, चुन्याचा संगमरवर झाला. जिथे काळे कण जवळपास निर्भेळ होते तिथे ब्रॉनाइटसारखं कठीण खनिज तयार झालं. जिथे वाळू आणि चिखल मिसळले होते तिथे मँगनीजचा नारिंगी गार्नेट आणि गारगोटी यांचा खडक झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ल्युइस ली फर्मर यांनी 1909 मध्ये या खडकाला इथल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं.

त्याच रेट्यात थरांना घड्या पडल्या. घडीच्या वळणावर काळा थर फुगला, बाजूंना ताणून पातळ झाला, कुठे तुटलाही. म्हणून एका टेकडीत खनिज मिळतं आणि शेजारच्या टेकडीत मिळत नाही. एकेका टेकडीतला साठा लहान का, याचं एक उत्तर या घड्यांत आहे. या ‘लहान’ शब्दावर थोडं थांबा. एवढ्या मोठ्या उलथापालथीतून हाती उरलेलं ते एवढंच आहे.

आता वर या. डोंगर झिजला, थर उघडा पडला आणि त्यावर पाऊस पडू लागला. झिरपत्या पाण्याने ब्रॉनाइट आणि गार्नेट हळूहळू बदलत गेले आणि पृष्ठभागाजवळ मऊ, काळं मँगनीज डायऑक्साइड तयार झालं. तुमच्या बोटावर आहे ते हेच. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं असं खनिज सुक्या बॅटरीच्या सेलसाठी वापरलं जातं.

या थरावरच्या मातीत ऐनाची मुळं उतरली आहेत. मुळांतून पाझरणारी सौम्य आम्लं काळ्या कणांतलं थोडं मँगनीज पुन्हा विरघळवतात. ते खोडातून वर चढतं आणि पानात पोचतं. पानाच्या हरितकणांत मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू मिळून एक गट असतो. सूर्यप्रकाशाच्या जोरावर हा गट पाणी फोडतो आणि प्राणवायू मोकळा करतो. ज्या प्राणवायूने मँगनीज समुद्राच्या तळाशी बसवलं, तोही त्या काळच्या सूक्ष्म जीवांनी मँगनीजच्याच साहाय्याने मोकळा केला होता. खाली थर आणि वर जंगल, दोन्हींमागे काम एकच आहे.

एक श्वास आत घ्या. त्यातला प्राणवायू या कामातूनच आलेला आहे.

आता माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पट्ट्यात खाणी चालू आहेत. ब्रिटिश कंपनीकडून हे काम 1962 मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’कडे आलं. जगातलं बहुतांश मँगनीज पोलादाच्या कामी येतं. ते पोलादातल्या गंधकाला बांधून ठेवतं, त्याला चिवटपणा देतं. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे सुमारे 12 ते 13 टक्के मँगनीजचं पोलाद बसवतात. या पोलादामागे खाणकामगारांचे हात आहेत. वर्षानुवर्षं मँगनीजची धूळ श्वासातून गेली तर मेंदूवर परिणाम होतो, चाल अडखळते आणि हात थरथरू लागतात. ते हातही मनात येऊ द्या. त्यांना धुळीपासून जपणं हा खनिजाच्या किमतीचाच भाग आहे.

मँगनीज आपल्याला लागणार आहे, म्हणून खाण नकोच असं म्हणणं खरेपणाचं होणार नाही. पण काढलेला थर पुन्हा भरून येत नाही. वरची माती मात्र आधी वेगळी काढून जपता येते आणि काम संपल्यावर पुन्हा पसरता येते. मुळं तिच्यातच धरतात. ती ढिगाऱ्याखाली गाडली गेली तर नंतर लावलेली रोपं नुसत्या दगडगोट्यांत उभी राहतात.

डोळे उघडा. घरातलं जुनं पोलाद भंगारात द्या, ते पुन्हा वितळतं. वापरून झालेले सेल इतर कचऱ्यात टाकू नका. आणि तुमच्या भागातल्या डोंगरात खाण यायची असेल, तर पहिल्याच सभेत उभं राहून विचारा: वरची माती कुठे ठेवणार, आणि ती परत कधी पसरणार? उत्तर लेखी घ्या.