धुराचा कर कोणी सोसायचा?



बडोद्याहून अहमदाबादच्या बाजूस जाणारी पॅसेंजर बाजव्याला थांबली, की परिसरातला कारखान्यांचा पसारा नजरेत येतो. जवळच १९६२ साली स्थापन झालेला खत कारखाना, थोडे पुढे १९६५ पासून चालू असलेली कोयलीची रिफायनरी, त्यापलीकडे नंदेसरीची रसायनांची वसाहत. बडोद्यातील कित्येक घरांची चूल या कारखान्यांतील कायकावरच पेटत आली आहे. म्हणून कारखान्यांना शिव्याशाप देऊन आपली सुटका होत नाही.

हवापाणी बिघडते, त्याचे मोल म्हणून सरकार कर बसविते. 'जो बिघडवील त्याने भरावे' हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली उचलून धरले. ऐकण्यास ते सरळ आहे. परंतु वाचकहो, कर भरणारा आणि कर सोसणारा हे एकच असतात काय?

कोळशाचे पाहा. २०१० साली केंद्राने टनामागे ५० रुपये उपकर लावला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. वीज केंद्रात एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे युनिटमागे सुमारे पंचवीस पैसे झाले. वीज कंपनीने ते भरले खरे, पण तिने ते पदरचे घातले नाहीत. विजेच्या दरात मिसळून ते घरोघरच्या बिलात उतरले. ज्याच्या घरी चार वातानुकूलित खोल्या आहेत त्याला ते जास्त पडले, हे कबूल. पण त्याच्या मिळकतीत ते कोठे जाणवणार? एका खोलीत पंखा आणि दिवा जाळणाऱ्या बाईला जाणवते. शिवाय कोळशाची वीज नको, दुसरी द्या, असे म्हणण्याची तिला सोय नाही. जेथे सोय असते तेथे कर काम करतो. आयर्लंडने २००२ साली प्लास्टिकच्या पिशवीवर पंधरा सेंट कर लावला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, कारण कापडी पिशवीची सोय लोकांना होती. फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरचा कर वाढणार म्हणताच खेड्यापाड्यांतील लोक पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर आले. त्यांच्या गावाला गाडीवाचून दुसरा मार्ग नव्हता. सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली.

याहून मोठा प्रश्न पैशाचा आहे. कोळशाच्या उपकरातून २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत गेले २९,६४५ कोटी, आणि प्रत्यक्ष कामांना लागले १५,९११ कोटी. २०१७ पासून तर हा पैसा जीएसटीमुळे झालेली राज्यांची तूट भरण्याकडे वळविण्यात आला. मठात अन्नदासोहासाठी म्हणून शिधा मागावा आणि तो विकून वेशीवर कमान उभारावी, असे कोणी केले तर आपण त्यास काय म्हणू? कमान वाईट नसते. पण शिधा देणाऱ्याने पंक्तीसाठी दिलेला असतो. राज्यांची तूटही खरीच होती, हे मान्य करूनही मला हा व्यवहार पटत नाही.

मग कर थेट कारखान्यानेच सोसला तर न्याय होतो काय? बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून एका लांबलचक नाल्याने जंबुसर तालुक्यात महीच्या मुखाशी नेऊन सोडतात. कारखाने त्याचे पैसे मोजतात. येथे बिघडविणारा आणि भरणारा एकच आहे. पण महीच्या मुखाशी जाळे टाकणाऱ्याला त्यातले काय पोहोचते? पैसे मोजले म्हणजे दुसऱ्याच्या दाराशी पाणी सोडण्याची मुभा विकत घेतली, अशी समजूत रुजली तर करच पापाला पावती देऊ लागतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा ४०० रुपयांचा उपकर गेला आणि जीएसटी पाचावरून अठरा टक्के झाला. आता टनामागे ठरावीक रक्कम नाही, किमतीवर टक्केवारी आहे. म्हणजे स्वस्त, राखाळ कोळशावर कर कमी आणि चांगल्यावर जास्त. त्याच्या नावात आता स्वच्छ ऊर्जेचा उल्लेखही उरलेला नाही.