विश्वास नाही असे नाही

घरात कोणी गॅस बंद केल्याचे सांगितले आणि आपण उठून पुन्हा पाहून आलो, की सांगणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" यावर आपण बहुधा ओशाळतो, आणि पुढच्या वेळी उठत नाही. माणसावर विश्वास आणि त्याच्या कामाची फेरतपासणी, ही दोन्ही एका घरात नांदू शकतात काय?

मला या प्रश्नाचे उत्तर एका आडवाटेच्या जगात सापडते: शेपटीखाली आधार असलेल्या, नाक आभाळाकडे करून उभ्या राहणाऱ्या छोट्या विमानांच्या. १९३१ साली इंग्लंडात प्रथम उडालेले टायगर मॉथ त्यांपैकीच. त्याला सेल्फ-स्टार्टर नसे. एकजण आत बसे, दुसरा बाहेरून पंखा हाताने फिरवी. बाहेरचा विचारी, "स्विच बंद?" आतला पाहून सांगे, "बंद." आणि एवढे ऐकूनही बाहेरचा पंख्याला असा हात लावी, की जणू स्विच चालूच आहे. पाय घट्ट रोवलेले, अंग मागे झुकलेले.

याला कारण आहे. या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. मॅग्नेटो फिरला की ती पडते. स्विच बंद करणे म्हणजे त्या विजेला एका तारेतून इंजिनाच्या धातूकडे वाट करून देणे. ती तार कुठे तुटली असेल, तर स्विच बंद असूनही इंजिन जिवंत राहते. आतला माणूस खरेच बोललेला असतो. पण त्याच्या खरेपणाची तारेला काय कल्पना? आपण तपासणीचा संबंध नेहमी लबाडीशी जोडतो, म्हणून ती झोंबते.

डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगलोरला घडलेले 'पुष्पक' १९५८ साली उडाले. दोघांपुरते, कापडाने मढवलेले, शेपटीला चाक. अशा विमानाच्या देखभालीवर जाणत्याची सही असते, तरी उडण्यापूर्वी वैमानिक त्याला प्रदक्षिणा घालतोच. कापडाची चीर, केबलचे तुटके धागे, शेपटीच्या चाकाच्या सैल स्प्रिंगा पाहतो. टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काचेत घेतो. पाणी असेल तर ते जड, खाली बसते. सही करणारा रागावत नाही.

खरा धोका उलट बाजूने येतो. दोघे पाहणार म्हटले, की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहीलच. फराळ वाटला की ज्याच्या त्याच्या ताटात कमी येतो. जबाबदारीही तशीच वाटली जाते, असा आपला समज. लग्नघरात दहा कर्ते असूनही पाण्याचा पिंप रिकामा राहतो, तो याच हिशेबाने!

जमिनीवर उतरताना मात्र वाटेकरीच नसतो. या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा वळले, की शेपूट पुढे धावू पाहते, विमान गर्रकन फिरते आणि पंखाचे टोक जमिनीला घासते. नाकाखाली चाक असलेले विमान बरेचसे आपणच सरळ होते. हे होत नाही. म्हणून ते पुरते थांबेपर्यंत वैमानिकाचे पाय पेडलांवर जागे असतात.

मग तो इंजिन थांबवतो आणि सांगतो, "स्विच बंद." मेकॅनिक हसून मान डोलावतो, आणि पंख्याला लांबून वळसा घालून त्याच्याकडे येतो.