तवंदीचा चढ आणि अनर्थदंड

निपाणीहून बेळगावकडे निघालं की पुणे-बेंगळुरू महामार्गावर तवंदीचा घाट लागतो. घाटालगतच स्तवनिधी, दिगंबर जैनांचं जुनं क्षेत्र. भरलेले ट्रक इथे खालच्या गिअरमध्ये चढतात. टर्बोची शिट्टी आधी ऐकू येते, गाडी मागून दिसते. सायलेन्सर कापून सरळ नळी जोडलेली गाडी असेल, तर दोन वळणं आधीच कळतं.

जैन दर्शनात वाऱ्यालाही जीव आहे. वायुकाय म्हणतात ते हेच. या हिशेबानं एकही डिझेल इंजिन निष्पाप ठरणार नाही. पण गृहस्थाला पोट आहे, हे या परंपरेनं कधी नाकारलेलं नाही. पोटापाण्याच्या धंद्यात टाळता न येणारी ती उद्योगी हिंसा. ती कमी करत जावी, एवढीच अपेक्षा. विनाकारण केलेल्या पापाला मात्र वेगळं नाव आहे: अनर्थदंड. तो टाळणं हे श्रावकाचं, म्हणजे जैन गृहस्थाचं, एक व्रतच.

मग ट्रकला बदलून बसवलेला सायलेन्सर यांतल्या कोणत्या खात्यात जातो?

मोठ्या व्यासाचा पाइप मागणारा ड्रायव्हर खोटं बोलत नाही. टर्बाइन एक्झॉस्टच्याच वायूवर फिरते. तिच्यापुढची वाट मोकळी असली की टर्बो लवकर दाब धरतो आणि चढाला पिकअप मिळतो. टर्बाइन स्वतःच थोडा आवाज खाते, म्हणून ‘टर्बो आहे, सायलेन्सर कशाला?’ हा सल्लाही सर्रास मिळतो. पण सरळ जाळीदार नळी आणि तिच्याभोवती काचलोकर, अशा बनावटीचा सायलेन्सर वायूला फारसा अडवत नाही, आवाज मात्र शोषतो. म्हणजे ताकद आणि शांतता दोन्ही जमतात. उरलेली डरकाळी निव्वळ हौसेची, अनर्थदंडच तो! आणि गाडी काळा धूर मारत असेल तर आधी चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला होज, मॅनिफोल्डची गळकी गॅस्केट पाहावी. दोष पुष्कळदा तिथेच असतो.

डीपीएफ काढणाऱ्याचं प्रकरण जास्त अवघड. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत काजळी गाळणारा हा फिल्टर असतो, शिवाय बहुतेक मोठ्या ट्रकांत युरियाचं द्रावण वापरणारी यंत्रणा. ती बंद पाडण्यामागे हेतू आहे, खर्च वाचवण्याचा. म्हणून याला विनाकारण म्हणता येत नाही. पण उद्योगी हिंसेची सवलत टाळता न येणाऱ्या हिंसेपुरती आहे. ही तर विकत घेतलेली सोय पैशांसाठी काढून टाकणं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्येच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. उमास्वातींचा तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेफिकिरीत पाहतो. जाणूनबुजून केलेल्या कामाला ‘नकळत झालं’ ही पळवाटही नाही.

बीएस-6 गाडीला कंपनीचाच संच ठेवावा, जुन्या गाडीला मापाचा, मोठ्या पोटाचा सायलेन्सर घ्यावा. सायलेन्सर केंद्रीय मोटार वाहन नियम 120 नुसार सक्तीचा आहेच, आणि आवाज-धुराची मर्यादा मोडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे.